अन्नाची परीक्षा आणि अन्नाची ओळख

दिवेलागणीच्या सुमारास बोईसर स्थानकाबाहेरच्या किराणा दुकानांपुढे गर्दी होते. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतील दिवसपाळी सुटलेली असते, आणि घरी जाता जाता कोणी तांदूळ घेतो, कोणी डाळ घेतो, कोणी तेलाची पिशवी घेतो. त्या पिशवीवर मजकूर पुष्कळ छापलेला असतो. किंमत असते, वजन असते, तेल भरल्याची तारीख असते, शाकाहाराची हिरवी खूण असते, परवान्याचा क्रमांक असतो. एवढे सगळे वाचूनही एका साध्या प्रश्नाचे उत्तर मात्र सहसा मिळत नाही. ज्या बियांतून हे तेल निघाले, त्या बियांच्या मूळ झाडात मनुष्याने प्रयोगशाळेत काही फेरफार केला होता काय? केला असल्यास तो कोणी तपासला, आणि तपासणीत काय आढळले?

हा प्रश्न केवळ पंडितांचा आहे असे कोणी समजू नये. भारतात व्यापारी लागवडीस पूर्णपणे मोकळे झालेले जनुकीय सुधारित पीक एकच, ते म्हणजे कापूस. कापूस हे वस्त्राचे पीक, त्याचा स्वयंपाकघराशी काय संबंध, असे सहज वाटते. परंतु कापूस पिंजून निघाल्यावर मागे सरकी राहते. सरकीचे तेल निघते आणि ते माणसे खातात. उरलेली पेंड गाईम्हशींच्या पुढ्यात जाते आणि त्यांचे दूध घरोघरी येते. गुजरातेत फरसाण तळण्यास सरकीचे तेल सर्रास वापरतात, आणि पालघर जिल्हा तर गुजरातच्या सीमेलाच लागून आहे. देशातील कापसाच्या क्षेत्रापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्र आज बीटी वाणांखाली आहे. तेव्हा ज्या पदार्थाविषयी देशभर वाद घातला जातो तो पदार्थ वाद संपण्यापूर्वीच ताटात येऊन बसलेला आहे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे.

आता जनुकीय सुधारणा म्हणजे काय ते पाहू गेल्यास असे दिसते, की प्रत्येक सजीवाच्या पेशीत त्याच्या घडणीचा एक सविस्तर लेख असतो. त्या लेखातील एकेक वाक्य म्हणजे एकेक जनुक. कोणते प्रथिन तयार करावे याची आज्ञा त्या वाक्यात असते. शेतकरी हजारो वर्षे चांगले कणीस निवडून बियाणे ठेवीत आला, तेव्हा तो नकळत हे लेखच निवडीत होता. संकरित बियाण्यात एकाच जातीच्या दोन निरनिराळ्या वाणांचे लेख एकत्र येतात. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने तिसरीच रीत अवलंबिली. बियांवर किरणांचा मारा करावयाचा, त्यामुळे लेखात जे आकस्मिक बदल होतील त्यांतून उपयुक्त ते निवडावयाचे. महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या चांगल्या परिचयाचे झालेले टॅग-२४ हे भुईमुगाचे वाण याच रीतीच्या संशोधनातून निघाले. जनुकीय सुधारणेची रीत या सर्वांहून वेगळी आहे. तीत एका सजीवाच्या लेखातील नेमके एक वाक्य उचलून ते दुसऱ्या, अगदी परक्या सजीवाच्या लेखात बसविले जाते. बीटी कापसात बसविलेले जनुक मातीतील एका जिवाणूचे आहे. त्याच्या आज्ञेने झाडात जे प्रथिन तयार होते ते खाल्ल्याने बोंडअळी मरते.

येथे एक मौज लक्षात घेण्याजोगी आहे. नाशिक जिल्ह्यातील लासलगावी कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून त्यावर किरणप्रक्रिया करण्याची सोय आहे. अशी प्रक्रिया केलेला पदार्थ विकताना वेष्टनावर तशी खूण करावी लागते. परंतु किरणांनी ज्याचे मूळ बीजच पालटले त्या भुईमुगावर कोणतीही खूण लागत नाही. आणि परके जनुक बसविलेल्या धान्याला तर परीक्षा आणि ओळख या दोन्ही अटी कायद्याने लावल्या आहेत. म्हणजे कोणत्या फेरफाराची वर्दी ग्राहकास द्यावी आणि कोणत्याची देऊ नये, याचा निवाडा निसर्गाने केलेला नसून समाजाने केलेला आहे. समाजाने केलेला निवाडा समाजाला तपासूनही पाहता येतो.

परीक्षा कशी घेतात हे समजण्यास तारापूरच्या औषधी कारखान्यांतील कामगारास फारसे कष्ट पडणार नाहीत. कारखान्यात आलेला कच्चा माल सरळ यंत्रात जात नाही. तो आधी वेगळा ठेवतात, त्याचा नमुना प्रयोगशाळेत जातो, तेथून मंजुरीचा कागद आल्यावरच पिंपावरची चिठ्ठी बदलते आणि पिंप पुढे सरकते. चिठ्ठीला किंमत आहे ती तिच्यामागच्या कागदामुळे. प्रयोगशाळेत कोणी काही तपासलेच नसेल, तर पिंपावरची चिठ्ठी नुसता रंगीत कागद ठरते. अन्नाच्या बाबतीतही नेमके हेच आहे, आणि या विषयाचे सारे मर्म या एका गोष्टीत साठविलेले आहे.

जनुकीय सुधारित अन्नाची परीक्षा चार-पाच पायऱ्यांनी होते. परके जनुक झाडाच्या लेखात कोठे आणि किती ठिकाणी बसले, ते प्रथम पाहतात. नंतर नव्या धान्याची तुलना मूळ धान्याशी करतात: प्रथिने, स्निग्धांश, जीवनसत्त्वे, क्षार, तसेच त्या पिकात स्वभावतः असणारी अपायकारक द्रव्ये ही पूर्वीइतकीच आहेत, की त्यांत काही वाढघट झाली? त्यानंतर नव्या प्रथिनाची पाळी येते. जठरातील पाचकरसात ते चटकन विरघळते काय, शिजविल्यावर टिकते काय, वावडे उत्पन्न करणाऱ्या ज्ञात प्रथिनांशी त्याच्या घडणीचे साम्य आहे काय, हे तपासतात. शेवटी उंदरांना ते अन्न नव्वद दिवस खाऊ घालून त्यांचे वजन, रक्त आणि अंतरिंद्रिये तपासतात. या परीक्षांची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे कोडेक्स आयोगाने २००३ साली ठरविली, आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २००८ साली भारतासाठी तशी तत्त्वे प्रसिद्ध केली.

या परीक्षा म्हणजे केवळ उपचार नव्हेत, याचे एक बोलके उदाहरण आहे. अमेरिकेत सोयाबीनची पौष्टिकता वाढविण्यासाठी त्यात ब्राझील नट या फळाचे एक जनुक बसविण्यात आले. हेतू निर्मळ होता. परंतु ज्यांना ब्राझील नटाचे वावडे आहे अशा मनुष्यांच्या रक्तद्रवाशी या नव्या सोयाबीनची गाठ घालून पाहिली, तेव्हा वावड्याची प्रतिक्रिया स्पष्ट दिसली. जनुकाबरोबर वावडेही सोयाबीनमध्ये आले होते. हा निष्कर्ष १९९६ साली प्रसिद्ध झाला आणि ते सोयाबीन बाजारात कधीच आले नाही. या गोष्टीवरून दोन पक्षांचे लोक दोन अर्थ काढतात. एक पक्ष म्हणतो, पाहा, या विद्येत धोका आहे. दुसरा म्हणतो, पाहा, परीक्षेने धोका वेळीच धरला. वस्तुतः दोघांचेही म्हणणे खरे आहे, आणि म्हणूनच परीक्षेवाचून गत्यंतर नाही.

परीक्षा झाली तरी पुढची शिस्त नसेल तर काय होते, तेही अमेरिकेतच दिसले. स्टारलिंक नावाच्या मक्यातील प्रथिन सहजी पचत नाही असे आढळल्याने तो मका माणसांसाठी नको, केवळ जनावरांना घालावा, अशी अट घालून त्यास परवानगी मिळाली होती. परंतु शेतात, कोठारात आणि गिरणीत मका मक्यात मिसळला, आणि २००० साली तो माणसांच्या खाद्यपदार्थांत सापडला. दुकानांतून माल परत घ्यावा लागला. अट कागदावर होती, पण कणसाला ती वाचता येत नव्हती.

महाराष्ट्राला या परीक्षेचा जवळून अनुभव आला तो बीटी वांग्याच्या निमित्ताने. हे वांगे जालन्याच्या महिको या बियाणे कंपनीने तयार केले. शेंडा व फळ पोखरणारी अळी हा वांग्याचा मोठा शत्रू. तिच्यासाठी शेतकरी वारंवार विषारी औषधे फवारतो आणि त्यांचा अंश भाजीबरोबर बाजारात येतो. झाडातच अळीमारक प्रथिन तयार झाले तर फवारे कमी होतील, अशी या वांग्यामागची कल्पना. हे प्रथिन अळीच्या अल्कधर्मी आतड्यात विशिष्ट जागी चिकटून काम करते. मनुष्याच्या जठरात आम्ल असते आणि तशी चिकटण्याची जागा नसते, यास्तव ते मनुष्यास बाधत नाही असे शास्त्रज्ञांनी सांगितले. उंदरांवरील परीक्षा पुण्याच्या एका प्रयोगशाळेत झाल्या, माशांना हे वांगे घालून पाहण्याचे काम मुंबईच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेत झाले, आणि दुभत्या गाईंवरील परीक्षा पंतनगरला झाली.

केंद्र सरकारच्या जनुकीय अभियांत्रिकी समितीने १४ ऑक्टोबर २००९ रोजी या वांग्यास मान्यता दिली. त्यावर देशभर वादळ उठले. तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी नागपूर धरून सात शहरांत जाहीर सभा घेऊन शेतकरी, शास्त्रज्ञ, डॉक्टर आणि ग्राहक यांचे म्हणणे ऐकले, आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी लागवडीस स्थगिती दिली. वांग्याने कोणास अपाय झाला असे सिद्ध झाल्यामुळे ही स्थगिती आली नव्हती. परीक्षा ज्याने वांगे तयार केले त्याच्याच खर्चाने झाल्या होत्या. विषारीपणा आणि वावडे यांविषयीच्या परीक्षांची मूळ आकडेवारी लोकांपुढे यावी म्हणून सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले होते. दीर्घकाळच्या परीक्षा आणि स्वतंत्र प्रयोगशाळा यांची मागणी होती, आणि वांग्याची असंख्य देशी वाणे ज्या भूमीत आहेत तेथे घाई नको, असाही विचार होता. बांगलादेशाने मात्र हेच अळीरोधक वांगे २०१३ साली मान्य केले आणि पुढच्या वर्षी ते शेतांत लागले. एकाच परीक्षेचे कागद वाचून दोन शेजारी देशांनी दोन निर्णय घेतले. शास्त्र धोक्याचे माप सांगते. तो पत्करावा की नाही, हे लोकांनी ठरवावयाचे असते. परंतु त्यासाठी माप उघड्यावर असले पाहिजे.

येथवर परीक्षेचा विचार झाला. आता ओळखीचा, म्हणजे वेष्टनावरील नोंदीचा. २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्याच्या बाविसाव्या कलमाने जनुकीय सुधारित अन्न नियमांनुसार परवानगी असल्यावाचून करणे, विकणे अगर आयात करणे यांस मनाई केली आहे. या अन्नाची व्याख्याही त्या कायद्याने फार विस्तृत केली आहे. ज्यात सुधारित सजीवाचा अंश आहे ते अन्न तर तीत येतेच, पण सुधारित सजीवापासून निघालेले, मात्र ज्यात त्याचा अंश उरलेला नाही, तेही येते. पुढे वजनमापांच्या नियमांत दुरुस्ती होऊन १ जानेवारी २०१३ पासून अशा अन्नाच्या वेष्टनाच्या दर्शनी भागावर वरच्या बाजूस ‘जीएम’ ही अक्षरे छापण्याचे बंधन आले. एवढी दोनच अक्षरे. परंतु २०१८ साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने बाजारातील ६५ खाद्यपदार्थ तपासले, तेव्हा त्यांपैकी ३२ टक्के पदार्थांत जनुकीय सुधारित अंश सापडला, आणि अशा कित्येक पदार्थांच्या वेष्टनावर त्याचा काहीच उल्लेख नव्हता. नियम होता आणि पदार्थही होता, पण दोघांची भेट झालेली नव्हती.

अशी भेट का होत नाही? त्याला केवळ व्यापाऱ्याचा लोभ कारण नाही. एक शास्त्रीय अडचणही आहे. धान्यात, पिठात किंवा पेंडीत परके जनुक आहे की नाही हे प्रयोगशाळेत निश्चितपणे ओळखता येते, कारण त्या जनुकाच्या अत्यल्प अंशाच्या कोट्यवधी प्रती काढून तो मोजण्याची युक्ती शास्त्रज्ञांना साधली आहे. परंतु गाळून, धुऊन, रंग व वास काढून शुद्ध केलेल्या तेलात जनुकही उरत नाही आणि प्रथिनही उरत नाही. तेल म्हणजे निव्वळ स्निग्धांश. म्हणून सरकीच्या किंवा परदेशी सोयाबीनच्या शुद्ध तेलाचा थेंब तपासून त्याचे कुळ सांगणे जवळजवळ अशक्य होते. जनुक नाही आणि प्रथिन नाही म्हणून त्या तेलाने अपाय होण्याची भीतीही फार थोडी, हे खरे. पण कायदा विचारतो ते तेल बाधते काय एवढेच नव्हे. ते कशापासून निघाले, हेही विचारतो. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर काचेच्या नळीत मिळत नाही. ते मिळते शेतापासून घाणीपर्यंत आणि घाणीपासून पिशवीपर्यंत सांभाळलेल्या कागदांत. कागदांची ही साखळी जेथे तुटते तेथे पिशवीवरील अक्षरांना आधार उरत नाही.

हाच प्रश्न २०२१ साली मुंबईजवळच्या बंदरावर येऊन ठेपला. कोंबड्यांच्या खाद्याचे भाव फार चढले होते. तेव्हा केंद्र सरकारने १२ लाख टन जनुकीय सुधारित सोयापेंड बाहेरून आणण्यास परवानगी दिली आणि ती उतरविण्यासाठी न्हावा-शेवा बंदर नेमून दिले. पेंड दळलेली आणि तेल काढलेली, म्हणजे उगवू न शकणारी, असावी अशी अट होती. ती पेंड कोंबड्यांनी खाल्ली. कोंबडीचे अंडे आणि गाईचे दूध यांत खाद्यातील परके जनुक कार्यक्षम रूपात उतरते असे दिसून आलेले नाही, आणि बहुतेक देशांत अशा अंड्यांवर किंवा दुधावर नोंद करावी लागत नाही. तरी ग्राहकाला कोठपर्यंत सांगावे, ही रेघ कोठेतरी ओढावी लागते, हे यावरून कळते.

रेघ निरनिराळ्या देशांनी निरनिराळ्या ठिकाणी ओढली आहे. युरोपीय संघात धान्यात चुकून मिसळलेला सुधारित अंश एखाद्या घटकाच्या ०.९ टक्क्यापर्यंत असेल तर नोंद लागत नाही. त्याहून अधिक असल्यास लागते, आणि ती तेलालाही लागते. ऑस्ट्रेलियात ही मर्यादा १ टक्का आहे. अमेरिकेत २०१६ साली कायदा होऊन १ जानेवारी २०२२ पासून नोंद सक्तीची झाली. तेथे ५ टक्क्यांपर्यंत अनवधानाने झालेली मिसळ चालते. भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२० साली आदेश काढून तांदूळ, मका, सोयाबीन, बटाटा, पपई, सफरचंद इत्यादी २४ पिकांच्या आयातीबरोबर ‘जनुकीय सुधारित नाही’ असे प्रमाणपत्र मागितले आणि १ टक्क्यापर्यंत मिसळ क्षम्य ठरविली. तो आदेश मार्च २०२१ पासून अमलात आला. शंभर दाण्यांत एक दाणा, असे हे माप. शून्य का नाही, असे कोणी विचारील. ज्याने एकाच खळ्यावर दोन जातींचे भात झोडले आहे त्याला याचे उत्तर ठाऊक आहे. सूप कितीही पाखडले तरी एखादा दाणा राहतोच.

या भाताच्याच संबंधात पालघर जिल्ह्याने सावध राहावे असे काही घडले आहे. वाड्याच्या कोलम तांदळास २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्यापूर्वी २०१६ साली डहाणू-घोलवडच्या चिकूस मिळाले होते. मानांकन हीही एक ओळखीची चिठ्ठीच आहे. त्या नावाखाली भलताच तांदूळ विकला जातो ही वाड्याच्या शेतकऱ्याची तक्रार जुनी आहे, म्हणून खऱ्या चिठ्ठीचे मोल त्याला कोणी शिकवावयास नको. त्याच २०२१ साली युरोपात तांदळाच्या पिठात जनुकीय सुधारित तांदळाचा अंश सापडल्याची सूचना फ्रान्समधून निघाली. त्या पिठाचा माग काढला असता तो भारतातून गेलेल्या सुमारे ५०० टन तुकडा तांदळापर्यंत पोहोचला असे सांगण्यात आले, आणि अनेक देशांतून मिठाईचा माल परत घ्यावा लागला. भारतात असा तांदूळ व्यापारासाठी पिकवितच नाहीत, असे भारत सरकारने कळविले. दोष कोणाचा हा वाद बाजूस ठेवला, तरी धडा स्पष्ट आहे. ‘आमच्याकडे हे पीक नाही’ हे वाक्य खरे असले तरी परक्या बंदरावर ते पुरे पडत नाही. तेथे कागद आणि परीक्षा दाखवावी लागते, आणि ती नसल्यास निरपराध शेतकऱ्याच्या मालावरही संशयाची सावली पडते.

त्यातच आता नवी विद्या आली आहे. तीत परके जनुक घालीत नाहीत; झाडाच्या स्वतःच्याच लेखात नेमक्या जागी कात्री चालवून बारीक दुरुस्ती करतात. भारताने मार्च २०२२ मध्ये अशा, परके जनुक नसलेल्या, झाडांना जुन्या कडक नियमांतील कित्येक कलमांतून मोकळीक दिली. मे २०२५ मध्ये या रीतीने घडविलेली भाताची दोन वाणे केंद्र सरकारने जाहीर केली. अशा वाणाचा दाणा परक्या जनुकाचा शोध घेणाऱ्या नेहमीच्या परीक्षेत सापडणार नाही, कारण त्यात परके काही नाहीच. काही शास्त्रज्ञांच्या मते तुर्भ्याच्या भुईमुगाप्रमाणे त्यालाही चिठ्ठीची गरज नाही. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे, की खाणाऱ्याला आणि पेरणाऱ्याला कळविण्यात नुकसान कोणाचे आहे? भाताच्या मुलखात हा प्रश्न आज ना उद्या बांधावर येणार आहे, आणि तो येण्यापूर्वीच त्याचा विचार झालेला बरा.

नोंदीविरुद्धही काही विचारणीय आक्षेप आहेत. ‘जीएम’ ही अक्षरे पाहून लोक त्यास विषाची खूण समजतील आणि निष्कारण भ्यायला लागतील, असे काही शास्त्रज्ञांना वाटते. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१६ साली उपलब्ध पुरावा तपासून असे मत दिले, की बाजारात आलेल्या जनुकीय सुधारित अन्नाने मनुष्याच्या प्रकृतीस नेहमीच्या अन्नापेक्षा अधिक धोका असल्याचा सप्रमाण पुरावा आढळत नाही. हे मत भीती पसरविणाऱ्यांनी शांतपणे वाचण्यासारखे आहे. परंतु ते बाजारात आलेल्या, म्हणजे परीक्षेतून गेलेल्या, अन्नाविषयी आहे. ब्राझील नटाचे सोयाबीन त्या यादीत नाही, कारण परीक्षेने ते दारातच अडविले. शिवाय नोंद केवळ भयासाठी नसते. शाकाहाराची हिरवी खूण कोणी विषबाधेच्या भीतीने पाहत नाही. ती पाहणाऱ्याला आपल्या मनाप्रमाणे निवड करता यावी म्हणून असते. आणखी एक उपयोग असा, की उद्या एखाद्या पदार्थाने खरोखरच कोणास वावडे झाले, तर पदार्थ कोठून आला याचा माग काढण्यास डॉक्टरला धागा मिळतो. धागाच नसेल तर अपाय झाला नाही असेही सांगता येत नाही आणि झाला असेही सांगता येत नाही.

न्यायसंस्थेनेही या प्रश्नाची दखल घेतली आहे. दिल्ली विद्यापीठात तयार झालेल्या जनुकीय सुधारित मोहरीच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी २३ जुलै २०२४ रोजी निकाल दिला. मोहरीस दिलेली परवानगी योग्य की अयोग्य यावर दोघांचे एकमत झाले नाही. परंतु जनुकीय सुधारित पिकांविषयी राष्ट्रीय धोरण ठरवावे, आणि असे अन्न, विशेषतः खाद्यतेल, आयात करताना वेष्टन व नोंदीविषयीचे अन्नसुरक्षा कायद्याचे तेविसावे कलम पाळावे, या गोष्टींवर दोघांचेही एकमत झाले. ज्यांचे पिकाविषयी मत पटले नाही त्यांचेही चिठ्ठीविषयी पटले, ही गोष्ट पुष्कळ बोलकी आहे.

तारापूरच्या परिसरास ही शिस्त अगदीच नवी नाही. १९६९ पासून तेथे अणुवीजकेंद्र चालू आहे. अशा केंद्राच्या आसपास पर्यावरण तपासणारी प्रयोगशाळा असते, आणि ती भोवतालच्या गावांतील पाणी, दूध, भाजी आणि किनाऱ्यावरील मासळी यांचे नमुने वर्षानुवर्षे तपासून नोंदवीत असते. तेथे केवळ ‘विश्वास ठेवा’ म्हणून भागत नाही. आधीची स्थिती, नंतरची स्थिती आणि दोहोंतील अंतर आकड्यांत मांडावे लागते. अणुभट्टीजवळच्या वाटीभर दुधाला जो न्याय लावावासा वाटला, तोच न्याय तेलाच्या पिशवीला लावण्यात अधिक-उणे काहीच नाही.

बोईसरच्या दुकानात पिशवी उलटसुलट करून पाहणाऱ्या ग्राहकास जनुकशास्त्र येण्याची आवश्यकता नाही, जशी नाणे घेणाऱ्यास टाकसाळीची विद्या येण्याची नसते. त्याने घटकांच्या यादीत तेल कशाचे आहे ते पाहावे, ते लिहिले नसेल तर दुकानदारास विचारावे, संशय आल्यास जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे जावे, एवढे त्याच्या हाती आहे. बाकीचे काम सरकारचे, शास्त्रज्ञांचे आणि कारखानदारांचे. परीक्षा स्वतंत्र हातांनी व्हावी, तिचे कागद उघडे असावेत, शेतापासून पिशवीपर्यंतची साखळी अखंड राहावी, आणि शेवटी दोन अक्षरे छापली जावीत. साखळी नसताना छापलेली अक्षरे फसवी, आणि अक्षरे न छापता ठेवलेली साखळी मुकी. सोने कसोटीवर घासल्यावाचून घेऊ नये असे घरोघरी शिकवितात. अन्न तर सोन्याहून मोलाचे. त्याची कसोटी ग्राहकाने स्वतः घासावयाची नसली, तरी ती कोणी घासली आणि काय उतरले, हे विचारण्याचा त्याला पुरता अधिकार आहे.